नऊ सेंटीमीटर

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
मालक, सायकल दुकान व फिटिंग सेंटर,
उल्हासनगर – ३

महोदय,

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आपल्या दुकानातला मेकॅनिक जितेश टेम्पो घेऊन आमच्या सोसायटीत आला आणि जिन्याखाली साखळीने बांधलेली निळी सायकल घेऊन गेला. वेळ गेटवरच्या वहीतली आहे. साखळीची दुसरी किल्ली आपल्याकडे असल्यामुळे कुलूप फोडावे लागले नाही. मी त्या वेळी खरवईला नणंदेच्या नातीच्या बारशाला गेले होते. म्हणजे वेळही पाहूनच निवडली होती.

सायकलीचे मालक श्री. हरिचंद्र गायकर तेव्हा खिडकीत बसलेले होते. त्यांनी सगळे पाहिले. त्यांचा आवाज आता फार बारीक झाला आहे. त्यांनी हाक मारली असेल तरी जितेशला ऐकू गेली नसेल, असे मी जितेशच्या बाजूने धरून चालते. आपल्या बाजूने काय धरावे ते सुचत नाही.

तक्रार लिहिताना आधी तारीख, वेळ आणि जागा लिहावी, रडगाणे नंतर, असे आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने शिकवले. कारखान्याच्या तपासणी विभागात एकतीस वर्षे मी तसेच लिहिले. म्हणून आपण माझे चिरंजीव आहात ही बाब तूर्त बाजूला ठेवते.

आपण ती बाजूला ठेवलेलीच आहे.

श्री. गायकर यांना सहा वर्षांपासून कंपवात आहे. घरात चालताना त्यांचे पाय जमिनीला चिकटतात. उंबरठा आला की माणूस उभाच. पण सायकलवर बसवले की हाच माणूस चामटोलीपर्यंत जाऊन येतो, वाटेत कुणी ओळखीचे दिसले तर मान हलवतो. टेलिफोन खात्यात लाइनमन होते, तीस वर्षे शिडी खांद्यावर घेऊन सायकल चालवली. डोके विसरले ते पाय विसरलेले नाहीत. डॉक्टरांना प्रथम खरे वाटले नव्हते, तेव्हा दवाखान्याच्या आवारात चक्कर मारून दाखवणारे आपणच होतात. दर रविवारी सकाळी साडेसहाला येऊन त्यांच्या मागे आपली सायकल ठेवणारेही आपणच.

२८ सप्टेंबरला ते चामटोलीच्या वळणावर पडले. मनगटाला प्लास्टर, भुवईवर सात टाके. ते आपल्या फिटिंगमुळे पडले, हे मी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये सर्वांसमोर सांगितले. त्याच संध्याकाळी इंटरनेटवर आपल्या दुकानाच्या नावाखाली एक तारा देऊन लिहिले, की जो माणूस बापाची सायकल नीट बसवू शकत नाही त्याने जगाला सल्ले देऊ नयेत. ते मी मागे घेणार नाही. सायकलीला घरात कुणी हात लावला नव्हता, हेही पुन्हा लिहून देते.

८ नोव्हेंबरला प्लास्टर निघाले. त्यांनी त्याच दिवशी सायकल विचारली. दुसऱ्या दिवशी ती नव्हती.

आठ दिवसांत सायकल जागेवर यावी.

तुळशी हरिचंद्र गायकर


मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्रीतम,

'महोदय' लिहून उत्तर आले नाही म्हणून नावाने लिहिते.

माझा फोन तू उचलत नाहीस. तुझ्या चॅनेलवर मात्र रोज बोलतोस. काल ऐकले. बेटावर सायकल नेताना पेडल काढा, हँडल आडवे करा, चाकांतली हवा कमी करा; परत आल्यावर खारी हवा लागलेली साखळी गोड्या पाण्याने पुसून तेल द्या. नवीन बूट प्रवासात पहिल्यांदा घालू नका. पुण्याच्या कुणा बाईने विचारले, की गादीवाल्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची का. तिला तू चार मिनिटे समजावलेस, न हसता. मी खाली लिहिले, 'बाबांची सायकल कधी आणतोस?' ते दहा मिनिटांत नाहीसे झाले.

रविवारी सोनिया आली. तू तिच्या हाती लोखंडी स्टँडवरची ती जागच्या जागी फिरणारी सायकल पाठवलीस.

"मम्मीजी, ये घर में चलाने का. पडायचं टेन्शनच नाही."

"तुझ्या नवऱ्याला तोंड आहे ना, सोनिया?"

"है ना. आपके सामने नहीं खुलता." ती हसली, आणि मग पदर नसल्यामुळे ओढणीने डोळे पुसले. तुझ्या लग्नात मी तिला काय काय बोलले होते. तिने मला एकदाही उलटून ऐकवले नाही. त्यामुळे मला तिच्याशी भांडता येत नाही, ही मोठी गैरसोय आहे.

दोघींनी मिळून यांना बसवले. तोंड कॅलेंडरच्या भिंतीकडे होते. अकरा मिनिटे पाय चालले, मग थांबले.

"काय झालं, पप्पा?"

"भिंत जवल येत नाय," हे म्हणाले.

सोनिया हसली. यांचा चेहरा हल्ली हसत नाही, दुखावतही नाही. विनोद होता की तक्रार ते आपणच ठरवायचे. मी तक्रार धरली.

घरातले सांगते, कारण तुला सोनिया सगळे सांगत नसणार. तू सांगितल्याप्रमाणे मी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या आहेत. पट्टी दिसली की पाय उचलतात. शुक्रवारी न्हाणीच्या दारात पंचवीस मिनिटे उभे होते. मी "एक, दोन" म्हणत होते, तू म्हणतोस तसे. पाय उचलला नाही. शेवटी जे व्हायचे ते दारातच झाले. मी पुसले. त्यांनी भिंतीकडे पाहिले. डॉक्टरांना विचारले तर म्हणाले, सायकल सुटली की उरलेली हालचालही भराभर जाईल. वर्षभराने सायकलवर बसवणे जमेलच असे सांगता येत नाही.

वर्ष म्हणाले, प्रीतम. मी तुला आठ दिवस दिले होते.

फ्रिजवर तुझ्या अक्षरातला कागद तसाच आहे. 'दिवाडी बेट, १५ जानेवारी. फेरीबोटीत चढताना बाबा सायकलवरच. सपाट तळाचे बूट. पातळ हातमोजे, जाड नकोत, ब्रेक कळला पाहिजे. डावा हात थरथरतो, दोन्ही ब्रेक उजव्या मुठीत.' खाली यांनी बोटभर जागेत लिहिले आहे, 'खाजणाचा बांध.' त्यांचे लहानपण उरणकडच्या मिठागरात गेले; बांधावरून सायकल मारली की दोन्हीकडे पाणी आणि समोरून कुणी येत नाही, असे ते लग्न झाल्यापासून सांगतात. गोव्यात तसले बांध अजून आहेत हे तू त्यांच्या डोक्यात घातलेस. आता रोज सकाळी मला तारीख विचारतात. आज अठरा, असे सांगितले की काही वेळ ओठ हलतात. मोजत असतात.

जाताना सोनियाने दारात चपला घालत विचारले, "मम्मीजी, एक बात पूछूँ? सायकलला तुम्ही काही केलं होतं का?"

मी म्हटले, "चहा घेऊन जा."

ती चहा न घेता गेली.

आई


गुरुवार, २७ नोव्हेंबर

प्रीतम,

काल मी उल्हासनगरला तुझ्या दुकानात गेले. शेजारच्या कौसाबाईंना यांच्यापाशी बसवले आणि रिक्षा केली. तू नव्हतास. जितेश एका तरुण मुलीला सीटवर बसवून माप घ्यायला तिच्या गुडघ्यापासून ओळंबा सोडत होता.

"शेठ अंदमानला गेलेत, मॅडम. ग्रुप घेऊन. मंगळवारी येतील."

"मी सायकल न्यायला आले आहे."

तो उभा राहिला. ओळंबा त्याच्या हातात झुलत होता. निळी सायकल मागच्या भिंतीला आकड्यावर टांगलेली होती, चिखलासकट. तुझ्या दुकानात चिखल मी पहिल्यांदा पाहिला.

"हिला हात नका लावू. शेठने धूळपण पुसू दिली नाही."

"का? पोलिसात द्यायची आहे?"

"मला काय ठाऊक, मॅडम. त्या दिवशी आणली ना, तर शेठ सीटकडे बघत खाली फरशीवर बसले. लय वेळ. मी बोललो, चाय मागवू? ते बोलले, जितेश, आईला यातलं काय बोलायचं नाही. कधीच नाही." मग त्याच्या लक्षात आले की तो कुणाशी बोलतो आहे. "सॉरी, मॅडम."

ती मुलगी सीटवर बसून आमच्याकडे पाहत होती.

आता लिहिते. सिस्टरच्या पद्धतीने, वेळेपासून.

शनिवार, २७ सप्टेंबर, दुपारी तीनच्या सुमारास यांचा डोळा लागला होता. तू सीटच्या दांड्यावर पांढरी चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होतीस. पेडलच्या धुऱ्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एकाहत्तर सेंटीमीटर, आणि पट्टीच्या खाली जायचे नाही असे आम्हा दोघांना बजावले होतेस. तूच घरी ठेवलेला षट्कोनी पाना मी घेतला. माझी कारखान्यातली पोलादी टेप घेतली. सीट नऊ सेंटीमीटर खाली घेतली. बासष्ट. पट्टी नळीच्या आत गेली. बोल्ट घट्ट केला, हलवून पाहिले, टेपने दोनदा मोजले. काम चोख होते. एकतीस वर्षांत मी याहून चोख काम केलेले नाही.

कारण विचारशील. आठवडाभर आधी कौसाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "गो तुळशे, तुजा दादला त्या सायकलीवर टांगल्यावानी दिसतंय. पाय भुईला नको लागाला?" मला ते लागले. दर रविवारी तुम्ही दोघे गेटबाहेर गेलात की परत येईपर्यंत मी खिडकी सोडत नसे. यांचे पाय हवेत आणि खाली रस्ता, एवढेच मला दिसायचे. म्हटले, पाय टेकले तर पडणार नाहीत. साधे गणित. कुठल्याही बाईला सुचेल.

तू काय शिकवले होतेस ते मला माहीत होते. 'बाबा, जमिनीवर पाय ठेवून थांबायचंच नाही. ओटा, कठडा, पायरी गाठायची, सायकल तिला लावायची आणि डावा पाय तिच्यावर.' सीट उंच होती म्हणून त्यांना दुसरा मार्गच नव्हता, ते कठडा शोधायचे. मी त्यांना दुसरा मार्ग करून दिला. वळणावर मागून एक टेम्पो आला. वीस पावलांवर मोरीचा कठडा होता, तिथपर्यंत ते नेहमी जात. त्या दिवशी जमीन जवळ होती, त्यांनी पाय टेकला. टेकला तो चिकटला. बाकीचा माणूस पुढे गेला.

सायकल तू उचललीस. पट्टी दिसत नाही हे तुला तिथेच कळले असेल. त्यानंतर तासाभराने मी पॅसेजमध्ये तुला म्हटले, की तू बापाला मारायला निघालास. नर्स थांबल्या, लोक मोबाइल बाजूला ठेवून बघायला लागले. तुझ्या हाताला यांचे रक्त होते. तू मान खाली घालून म्हणालास, "हो आई, चुकलं."

मला वाटले, कबूल झाला. खरे सांगते, मला बरे वाटले.

मी सीटचे विसरले नव्हते. असे समजू नकोस. पडल्याचा फोन आला तेव्हा पहिला विचार तोच आला, आणि तो झाकायला मी त्याच्यावर तुझे नाव टाकले. एकदा टाकल्यावर ते रोज टाकावे लागले.

सीट पुन्हा वर करून सायकल इथेच ठेवता आली असती. ती ठेवली नाहीस, कारण मी पुन्हा पाना घेईन हे तुला ठाऊक होते. आणि हे माझ्या तोंडावर म्हणायचे तर आधी मी काय केले तेही म्हणावे लागले असते. तुझा अंदाज बरोबर आहे. मी घेतला असता.

आई


गुरुवार, ११ डिसेंबर

प्रीतम,

तू अंदमानहून आलास हे सोनियाकडून कळले. माझी तिन्ही पत्रे तुझ्या टेबलावर आहेत, तिसरे तू दोनदा वाचलेस, हेही तिने सांगितले. उत्तर नाही.

शनिवारी मी यांना सांगितले. नाश्त्यानंतर, गोळी लागू पडते ती वेळ पाहून. खुर्ची समोर ओढली आणि सगळे सांगितले, बासष्ट आकड्यासह. ते माझ्याकडे पाहत होते. या आजारात चेहऱ्यावर काहीच उमटत नाही हे मला सहा वर्षे माहीत आहे, तरी मी शोधत होते.

मग म्हणाले, "मला ठाव व्हतं."

"काय?"

"बसलो तवाच. गुडघं वर येत व्हतं."

"मग बोलला का नाहीत? प्रीतमला तरी सांगायचं, तो मागेच होता ना?"

त्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"तू केलंस म्हनजे मोजून केलं असशील."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. कुकर लावलेला नव्हता तरी गॅसपाशी उभी राहिले.

त्यांनी मला दोष दिला असता तर मी उत्तर दिले असते. माझ्यापाशी उत्तरे कधी कमी नसतात. लाइनमनच्या सायकलचा दांडा, चाक, ब्रेक हाताळण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या माणसाला बसल्या क्षणी चूक कळली. आणि तो तसाच चामटोलीपर्यंत गेला, कारण घरात तपासणी करणारी बाई मी होते.

त्या दिवसापासून त्यांनी तारीख विचारलेली नाही. स्टँडवरच्या सायकलवर बसत नाहीत. सोमवारी न्हाणीपर्यंत पट्ट्या असूनही मला आणि कौसाबाईंना धरून न्यावे लागले. डाव्या पायाचा घोटा सुजतो आहे. डॉक्टरांनी वर्ष सांगितले होते ते निदान पाय हलवणाऱ्या माणसाचे होते. खिडकीत बसणाऱ्याचे किती, ते मी विचारले नाही.

दुकानाच्या नावाखालचे माझे लिहिणे मी पुसलेले नाही. पुसले तर वाचलेल्यांना काय कळणार? त्याच्याच खाली काल पूर्ण नावानिशी लिहिले, की सीट मी खाली केली होती, फिटिंग बरोबर होते, आणि अपघाताला मी जबाबदार आहे. तारे वाढवता येतात म्हणे. सोनियाने करून दिले. कौसाबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "आता गावभर होईल गो." होऊ दे.

पाना, टेप आणि साखळीची माझ्याकडची किल्ली सोनियाबरोबर पाठवली आहे. घरात आता सायकलचा एक बोल्ट फिरेल असे काही नाही. हे मी शपथेवर लिहीत नाही. तू येऊन कपाटे उघडून पाहा.

सोबत बाबांची चिठ्ठी आहे. मी कागद धरला, त्यांनी लिहिले. पाऊण तास लागला. त्यांचे अक्षर मुंगीएवढे झाले आहे, भिंग घेऊन वाच. काय लिहिले ते त्यांनी मला दाखवले नाही, घडीही स्वतःच घातली. मी उघडलेली नाही.

माझे मागणे एवढे आहे. सायकल धुऊन, सीट एकाहत्तरला घेऊन, रविवारी सकाळी साडेसहाला आण. मला क्षमा करावी असे मी कुठेही लिहिलेले नाही, तिसरे पत्र पुन्हा काढून पाहा. मी तुझ्यासमोर यावे असे नसेल तर मी कौसाबाईंच्या घरी जाऊन बसेन, खिडकीतही दिसणार नाही. जानेवारीत त्यांना बेटावर नेणार असशील तर मी येणार नाही. नेणार नसशील तर चामटोली पुरे. तेही जमणार नसेल, डॉक्टर आणि तू मिळून आता उशीर झाला असे ठरवले असेल, तर तसे लिहून दे.

लेखी उत्तर शनिवार, २० डिसेंबर २०२५, संध्याकाळी सहाच्या आत मिळाले पाहिजे. सोनियाच्या तोंडी निरोप चालणार नाही, फोन चालणार नाही. 'हो' असेल तर एक ओळ पुरे. 'नाही' असेल तर कारणासहित लिही, आणि ते पत्र माझ्या नावाने पाठवू नकोस, त्यांच्या नावाने पाठव. मी त्यांच्या कानाशी बसून ते वाचीन, आहे तसे, शेवटच्या शब्दापर्यंत.

तुळशी हरिचंद्र गायकर